दोरी, साप आणि अंबाडी

आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं अंबाडीत काय काम? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागं जावं लागेल.

आम्ही तीसेक वर्षं वर्गात दोरी आणि साप शिकवला. वेदान्तातलं हे प्रसिद्ध उदाहरण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. संध्याकाळच्या अंधुक उजेडात वाटेवर दोरी पडलेली आहे, माणसाला ती साप वाटते आणि तो दचकतो. दिवा आणला की साप नाहीसा होतो, दोरी उरते. शंकराचार्यांच्या परंपरेत या एवढ्याशा दोरीवर केवढी चर्चा झाली आहे! साप होता की नव्हता, भ्रम म्हणजे काय, अधिष्ठान म्हणजे काय. एकदा मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, ती दोरी कशाची होती?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढं गेलो.

तो प्रश्न हसण्यावारी न्यायला नको होता. दोरीविषयी एवढं बोललो, पण ती कोणत्या झाडाची, कोणी वळली, हे आम्ही कधीच विचारलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला उशिरानं दिलेलं उत्तर आहे असं समजा.

निमित्त घडलं ते असं. आमचा नातू वाहनांच्या क्षेत्रात काम करतो. त्यानं एके दिवशी फोन करून सांगितलं, "आजोबा, केनाफ नावाची एक जबरदस्त वनस्पती आहे. मोटारीच्या दारात वापरतात, कागद होतो, प्लास्टिकला पर्याय आहे." चित्र पाठवलं. हाताच्या पंजासारखं पान, फिकट पिवळं फूल, मध्ये गडद तांबडा ठिपका, खोडावर बारीक काटे. आम्ही त्याला म्हटलं, "बाळा, तुझी पणजी याची भाजी करायची. ही अंबाडी आहे."

तर पहिली गोष्ट नावाची. ज्याला जग केनाफ म्हणतं, तीच आपली अंबाडी. केनाफ हा शब्द फारसीतून आला. शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. हे नाव लिनियसनं १७५९ साली दिलं. कॅनाबिनस म्हणजे भांगेसारखी. पान भांगेच्या पानासारखं दिसतं एवढाच त्याचा अर्थ, नशेशी काही संबंध नाही. कूळ कापसाचं, भेंडीचं, जास्वंदीचं. फूल उमललेलं पाहिलं तर भेंडीची बहीण आहे हे सांगावं लागत नाही.

आता इथं थोडा गोंधळ आहे, तो आधी दूर करू. बाजारात "लाल अंबाडी" म्हणून जी मिळते, जिच्या लाल, मांसल पाकळ्यांसारख्या भागाचं सरबत करतात, ती वेगळी जात, हिबिस्कस सब्दारिफा. दोघी सख्ख्या बहिणी, दोघींची भाजी आंबट, दोघींच्या सालीतून धागा निघतो. म्हणून देशाच्या व्यापारात दोघींना मिळून एकच नाव आहे, मेस्ता. तेलुगूत गोंगुरा म्हणतात, कन्नडमध्ये पुंडी. आणखी एक घोटाळा "ताग" या शब्दाचा. गोणपाटाचा ताग, म्हणजे ज्यूट, हे बंगालचं पीक. आपला शेतकरी हिरवळीच्या खतासाठी जो ताग पेरतो तो वेगळा, पिवळ्या फुलांचा, शेंगा धरणारा, डाळवर्गीय. अंबाडी या दोन्हींहून निराळी. सरकारी कागद वाचताना, बियाणं घेताना हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर दोरीच्या जागी साप दिसायचा.

झाडाची जन्मभूमी आफ्रिका मानतात. तिथून ते आपल्याकडे इतकं पूर्वी आलं की कुणाला पाहुणं वाटलंच नाही. आमच्या लहानपणी मराठवाड्यात अंबाडीचं वेगळं शेत क्वचितच दिसायचं. ज्वारीच्या, तुरीच्या, कापसाच्या शेतात एखादी ओळ, नाहीतर बांधाच्या कडेनं पट्टा. श्रावण-भाद्रपदात कोवळी पानं खुडायची. पानं शिजवायची, आंबटपणा जास्त असतो म्हणून पाणी पिळून काढायचं, ज्वारीच्या कण्या नाहीतर तुरीची डाळ घालून घोटायची आणि वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी. ज्वारीची भाकरी आणि ही भाजी. गौरींच्या, म्हणजे आमच्याकडच्या महालक्ष्म्यांच्या नैवेद्यालाही आंबिलीबरोबर ती लागायची. नंतर बी धरलं की त्यातून तेल. बियांत साधारण पाचवा हिस्सा तेल असतं. आणि शेवटी, पीक वाळायच्या आधी, दोरासाठी कापणी.

म्हणजे बघा, एकाच ओळीत भाजी, तेल, दोर आणि चुलीला काड्या. त्या वेळी कुणी तिला बहुउपयोगी पीक म्हटलं नाही. अंबाडी म्हटलं.

आता झाड कसं वाढतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पावसाच्या सुरुवातीला पेरलं तर चार ते पाच महिन्यांत अंबाडी तीन-चार मीटर उंच होऊ शकते. ही वाढ दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. दिवस मोठे असेतोवर झाड उंच होत राहतं. दिवस साडेबारा तासांच्या आसपास आला की बहुतेक जातींना फुलं धरतात आणि उंची थांबते. म्हणून पेरणीला उशीर झाला तर झाडाला उंच व्हायला वेळच मिळत नाही. धागा हवा असेल तर वेळेवर पेरलं पाहिजे आणि दाट पेरलं पाहिजे. दाट पेरलं की फांद्या फुटत नाहीत, खोड सरळसोट जातं. विरळ पेरलं किंवा शेंडा खुडला की फांद्या फुटतात. ते भाजीला आणि बियाला चांगलं. तागाला जितकं पाणी लागतं तितकं हिला लागत नाही, कोरडवाहू जमिनीत ती येते. मात्र कोवळ्या वयात मुळाशी पाणी साचलेलं तिला सोसत नाही. आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा तिला त्रास होतो. भेंडीलाही तोच त्रास. म्हणून त्याच जमिनीत वर्षानुवर्षं अंबाडी, किंवा भेंडीनंतर अंबाडी, असं करू नये. "हिला कीड-रोग काही नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

खोड आडवं कापून पाहिलं तर दोन वेगळ्या वस्तू दिसतात. बाहेर साल, आत पांढरा, हलका गाभा. वाळलेल्या खोडात वजनानं साल साधारण ३५ ते ४० टक्के, उरलेला गाभा. सालीतला धागा लांब आणि बळकट. त्यातली एकेक तंतुपेशी दोन-तीन मिलिमीटरची, जवळजवळ देवदार-पाइनच्या लाकडातल्या तंतूंइतकी. गाभ्यातला तंतू अगदी आखूड, अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा पुढं. एका खोडात दोन स्वभाव. सालीचे उपयोग ताकदीचे, गाभ्याचे उपयोग शोषून घेण्याचे. एवढं कळलं की पुढची लांबलचक उपयोगांची यादी पाठ करावी लागत नाही.

सालीतून धागा काढायचा कसा? तंतू एकमेकांना आणि गाभ्याला एका नैसर्गिक गोंदानं चिकटलेले असतात. त्याला पेक्टिन म्हणतात. जॅम घट्ट होतो तो याच पदार्थामुळं. निम्म्याअर्ध्या झाडांना फुलं आली की कापणी करतात. पेंढ्या बांधून दोन-चार दिवस ठेवतात, पानं गळतात. मग पेंढ्या पाण्यात बुडवून वर वजन ठेवतात. पाण्यातले जिवाणू तो गोंद खातात. पाणी गरम असेल तर दहा दिवस, गार असेल तर वीस किंवा जास्तही. यालाच सडवणं म्हणतात. लवकर काढलं तर सालीचे तुकडे चिकटून राहतात, उशिरा काढलं तर जिवाणू तंतूंनाही सोडत नाहीत, धागा कमजोर होतो. नेमका दिवस कोणता, हे बोटानं साल ओढून पाहणाऱ्यालाच कळतं. मग साल सोलायची, धुवायची, आपटायची, वाळवायची. हातात राहतो तो वाख. उरलेल्या पांढऱ्या काड्यांना आमच्याकडे सणकाड्याच म्हणत. चूल पेटवायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

वाखाचे पेड वळायचे, एका दिशेला पीळ द्यायचा, आणि दोन-तीन पेड एकत्र करताना उलट दिशेला. पेड उलगडायला बघतात, दोर उलट्या बाजूनं उलगडायला बघतो, आणि दोघं एकमेकांना अडवून धरतात. दोरीची सगळी ताकद या अडवण्यात आहे. मोटेचा नाडा, कासरा, दावं, वेसण, शिंकं, बाजेची वीण, एवढं सगळं त्यातून व्हायचं. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा कासरा हवाच.

हे झालं घरचं. आता घराबाहेर पाहू.

आंध्रच्या किनाऱ्यावर विशाखापट्टणमजवळ भीमुनिपट्टणम नावाचं जुनं बंदर आहे. इंग्रज त्याला बिमलीपट्टम म्हणत. तिथून हा धागा इतका बाहेर जायचा की जागतिक बाजारात त्याचं नावच बिमली ज्यूट पडलं. उत्तर आंध्रमध्ये त्यावर गिरण्या उभ्या राहिल्या. आजही श्रीकाकुलम जिल्ह्यात आमदालवलसा इथं मेस्तावर काम करणारं कृषी संशोधन केंद्र आहे. मग १९४७ साली फाळणी झाली. ताग पिकवणारा बहुतेक मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला आणि तागाच्या गिरण्या राहिल्या हुगळीच्या काठी, भारतात. गिरण्यांना कच्चा माल हवा होता. तेव्हा भारतानं तागाबरोबर मेस्ताचीही लागवड वाढवली. धागा तागापेक्षा थोडा जाडाभरडा, पण मिसळून गोण्या चांगल्या होतात. आपल्या घरातल्या जुन्या धान्याच्या पोत्यात तागाबरोबर एखादा धागा अंबाडीचाही असू शकेल.

अमेरिकेनं अंबाडीकडे लक्ष दिलं ते दुसऱ्या महायुद्धात, आशियातला ताग मिळेनासा झाला तेव्हा. पुढं त्यांच्या कृषी खात्यानं कागदाच्या लगद्यासाठी पाचशेहून अधिक वनस्पती तपासल्या आणि त्यांत अंबाडी सर्वांत आशादायक ठरली. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड कॅलिफोर्नियन या वृत्तपत्रानं अंबाडीच्या कागदावर अंक छापून पाहिला. झाड तोडलं तर परत मोठं व्हायला कित्येक वर्षं. अंबाडी दर पावसाळ्यात. युक्तिवाद सरळ होता. तरी जगातली वृत्तपत्रं काही अंबाडीवर छापली गेली नाहीत. का, त्याकडे येतोच.

विसाव्या शतकाच्या शेवटी मोटारवाले आले. टोयोटानं २००० सालाच्या सुमारास दाराच्या आतल्या पॅनेलात अंबाडीचा धागा वापरला. फोर्डनं २०१३ च्या एस्केप गाडीत दाराचा एक भाग अंबाडी आणि पॉलिप्रोपिलीन मिसळून केला, त्या भागाचं वजन पाव हिश्श्यानं घटलं. गाडी हलकी झाली की इंधन कमी लागतं. जपानमध्ये एनईसी कंपनीनं मक्यासारख्या पिकांपासून होणाऱ्या प्लास्टिकात अंबाडीचा धागा घालून २००६ साली मोबाइल फोनचं आवरण बनवलं. मलेशियानं तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना दुसरं पीक द्यायचं ठरवलं आणि २०१० साली आपल्या तंबाखू मंडळाच्या नावात आणि कामात केनाफ आणला. आणि गाभा? तो हलका, स्पंजासारखा. कोंबड्यांच्या खाली अंथरायला, सांडलेलं तेल शोषायला, चुन्यात कालवून हलक्या भिंती करायला तो वापरतात.

आता मुख्य प्रश्न. एवढी गुणाची अंबाडी आपल्या बांधावरून गेली कशी?

तर्कशास्त्रात आम्ही एक फरक शिकवतो, आवश्यक अट आणि पुरेशी अट. पाऊस ही पिकाची आवश्यक अट आहे, पण पुरेशी नाही. तसंच उपयोगी असणं ही पीक टिकण्याची आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आले. कासरा कुणाला लागतो? मोट गेली, पंप आले. नाडा कुणाला लागतो? उरलेल्या दोराची जागा नायलॉननं घेतली. तो स्वस्त, सडत नाही, उंदीर सहसा खात नाही. सोयाबीन आलं, सलग पेरणी आली, आणि शेतातल्या मधल्या ओळी गेल्या. यात शेतकऱ्याचा मूर्खपणा नाही. त्यानं हिशोब केला आणि हिशोब बरोबर होता.

मग नवे उपयोग आहेत, त्यांचं काय? इथं न्यायशास्त्रातला एक दोष आठवतो, अन्योन्याश्रय. "अ" सिद्ध व्हायला "ब" लागतो आणि "ब" सिद्ध व्हायला "अ". गिरणीवाला म्हणतो, आधी दरवर्षी खात्रीनं माल मिळेल असं दाखवा, मग यंत्र बसवतो. शेतकरी म्हणतो, आधी गिरणी दाखवा, मग पेरतो. दोघंही बरोबर. त्यात वाळलेली ताटं वजनाला हलकी आणि जागेला भारी. ट्रक भरतो पण वजन भरत नाही. म्हणून कारखाना शेताजवळच लागतो. लाकडाच्या लगद्याच्या गिरण्या आधीच उभ्या आहेत, त्यांना वर्षभर लाकूड मिळतं; अंबाडी वर्षातून एकदा येते आणि साठवावी लागते. अंबाडीचा कागद मागं पडला त्याचं मोठं कारण हे. आपल्या देशात ताग आणि मेस्ताची सरकारी खरेदी भारतीय ताग महामंडळ करतं, ते १९७१ साली स्थापन झालं. पण त्याचं जाळं मुख्यतः पूर्वेकडच्या राज्यांत, जिथं गिरण्या आहेत तिथं. बीडच्या शेतकऱ्यानं वाख काढला तर तो नेणार कुठं? असं वर्तुळ एकट्या माणसाच्या उत्साहानं तुटत नाही. कुणीतरी, सरकार असो, सहकारी संस्था असो, दोन्ही टोकांना एकदम हात घालावा लागतो.

दुसरा प्रश्न शब्दाचा. सगळीकडे लिहिलेलं असतं, अंबाडी हे शाश्वत पीक आहे. आम्ही आयुष्यभर शाश्वत हा शब्द नित्य या अर्थानं शिकवला, म्हणजे ज्याला नाश नाही ते. त्या अर्थानं बघाल तर शाश्वत आहे तो नायलॉनचा दोर! तुटला, फेकला, बांधावर पडला; नांगराला अडकतो, गाईच्या पोटात जातो, पण नाहीसा होत नाही. अंबाडीचा दोर दोन-चार पावसाळ्यांत मातीत जातो. तो नश्वर आहे म्हणूनच शेत टिकतं. वस्तू अमर असणं आणि व्यवस्था टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बऱ्याचदा तर त्या एकमेकींच्या विरोधात असतात.

याच कसोटीवर वर सांगितलेले दावेही घासून पाहिले पाहिजेत. मोटारीच्या दारातली अंबाडी पॉलिप्रोपिलीनमध्ये मिसळलेली आहे. ते दार मातीत जाणार नाही. फायदा आहे, पण तो वजन कमी होण्याचा आणि तेलापासूनचं प्लास्टिक कमी लागण्याचा आहे, कुजण्याचा नाही. तसंच हवेतल्या कर्बाचं. एक टन वाळलेल्या अंबाडीत साधारण ४५ टक्के कर्ब धरला तर तिनं हवेतून सुमारे १.६ टन कार्बन डायऑक्साइड घेतलेला असतो. आकडा मोठा वाटतो. पण तो खर्च न होणाऱ्या ठेवीसारखा धरू नका. काड्या चुलीत गेल्या की तो त्याच दिवशी हवेत परत. दोर झाला तर काही वर्षांनी, भिंत झाली तर काही दशकांनी. तो कर्ब किती काळ अडला आणि त्यामुळं दुसरं काय जाळायचं वाचलं, हा खरा हिशोब.

आणि पाणी. पीक कोरडवाहू आहे, पण सडवायला पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात पेंढ्या सडल्या की जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, मासे मरतात, दुर्गंधी सुटते. जिथं प्यायच्या पाण्याचे टँकर येतात तिथं हे चालणार नाही. यावर उपाय आहेत. साल हिरवी असतानाच यंत्रानं सोलून फक्त तेवढीच छोट्या टाकीत सडवायची, पाणी फार कमी लागतं. बराकपूरच्या केंद्रीय ताग संशोधन संस्थेनं सडवण्यासाठी जिवाणूंचं मिश्रणही तयार केलं आहे, त्यानं दिवस वाचतात आणि धागा चांगला निघतो. हे सगळं करता येतं. पण "अंबाडीला पाणी लागत नाही" हे अर्धं वाक्य आहे.

आता शेवटची गोष्ट. ती सांगायची की नाही, असा विचार आम्ही पुष्कळ केला.

आमच्या गावात दोर वळायचं काम बलुतेदारीत मातंग समाजाकडे होतं. एक गृहस्थ होते, वयानं आमच्या आजोबांएवढे. कार्तिकातल्या थंडीत ते ओढ्याच्या डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून अंबाडी सोलायचे. त्या पाण्याचा वास आजही आठवतो. हातापायांची कातडी पांढरी पडून सोलपटायची. आम्ही पोरं नाक धरून काठानं पळत जायचो. त्यांनी वळलेला कासरा पोळ्याला बैलाच्या अंगावर चढायचा, बैलाची पूजा व्हायची, आणि ते स्वतः वाड्याच्या दाराबाहेर, अंगणाच्या कडेला उभे असायचे. सुगीत खळ्यावरून धान्य मिळायचं, तेही मागून घ्यावं लागायचं. आणि आम्ही, आठ-दहा वर्षांची पोरं, त्यांना अरे-तुरे करायचो. कुणी थांबवलं नाही. आम्हालाही ते चुकीचं आहे असं वाटलं नाही. पुढं तीस वर्षं आम्ही दोरीचं उदाहरण शिकवलं, आणि ज्यांच्या हातची दोरी आमच्या घरात होती त्यांचं नाव आज आम्हाला आठवत नाही. फक्त हाक मारायची पद्धत आठवते.

भ्रम कशाला म्हणतात हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवलं. दोरीच्या जागी साप दिसणं हा भ्रम झाला. दोरी दिसणं आणि ती वळणारा माणूस न दिसणं, याला काय म्हणायचं ते आम्ही शिकवलं नाही.

म्हणून जुन्या दिवसांचं गोडवं गाणारं भाषण आज आम्ही केलं नाही. अंबाडी परत यावी असं आम्हाला वाटतं. पण ती त्या डोहासकट, त्या दाराबाहेर उभं राहण्यासकट परत यायची असेल तर नको. सोलायला यंत्र हवं, सडवायला टाकी हवी, मजुरी रोख आणि पुरेशी हवी, आणि ते काम कुण्या एका जातीच्या गळ्यात नको. एखाद्या पिकाला शाश्वत म्हणताना माती, पाणी, हवा यांचा हिशोब आपण मांडतो. त्यात चौथं खातं माणसाचं धरलं पाहिजे. ते खातं तोट्यात असेल तर बाकी तीन नफ्यात असूनही ते पीक टिकत नाही, आणि टिकू नये.

वेळ संपत आली आहे. एक प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून एका भगिनींनी विचारलं: "सर, आमची चार एकर कोरडवाहू आहे. मोबाइलवर बघून एक एकर अंबाडी लावायचं ठरवलंय. लावू का?")

ताई, आधी एक विचारा, विकत कोण घेणार? त्याचं नाव, गाव, भाव आणि लेखी करार हातात असेल तर वेळेवर आणि दाट पेरा. नसेल तर यंदा एकरभर नको. तुरीत चार ओळी लावा. भाजी घरी खा, जुड्या बांधून बाजारात न्या. शहरात तिला गिऱ्हाईक आहे. थोडी झाडं बियाला ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी बियाणं घरचं. आणि गावातल्या दहा-बाराजणींनी मिळून सोलणी यंत्राची चौकशी कृषी विज्ञान केंद्रात करून ठेवा. वर्तुळ तुटायचं असेल तर ते एकटीनं नाही, दहाजणींनी तुटेल.

आणि आणखी एक. गावात दोर वळणारं कुणी वयस्कर माणूस अजून असेल तर त्यांच्याकडे जाऊन बसा. पीळ कसा देतात ते विचारा. पण त्याआधी त्यांचं नाव विचारा आणि लिहून ठेवा. आमचं ते राहून गेलं.